पात्राचा आवाज लागतो तेव्हा

‘द रिमेन्स ऑफ द डे’ ही कादंबरी लिहून झाली, असं काझुओ इशिगुरोंना वाटत होतं. लंडनमधल्या घरी एका संध्याकाळी ते सोफ्यावर बसून टॉम वेट्सची गाणी ऐकत होते. त्यांत ‘रूबीज आर्म्स’ लागलं. पहाटेची वेळ; एक माणूस, बहुधा शिपाईगडी, झोपलेल्या प्रेयसीला न उठवता घराबाहेर पडतो, रस्ता धरतो, आगगाडीत बसतो. गोष्ट म्हणावी तर एवढीच. पण वेट्सचा तो घोगरा, खरखरीत आवाज! मनातलं बोलायची उभ्या जन्मात सवय नसलेल्या फिरस्त्याचा तो आवाज. गाणं निम्म्यावर येतं आणि हाच माणूस आपलं काळीज तुटतंय हे सांगून टाकतो. इशिगुरोंनी ते ऐकलं आणि कादंबरीबद्दलचा एक पक्का निर्णय फिरवला. २०१७च्या नोबेल पुरस्काराच्या व्याख्यानात त्यांनी ही हकिकत स्वतःच सांगितली आहे.

निर्णय होता स्टीव्हन्सबद्दलचा. डार्लिंग्टन हॉल या बड्या वाड्याचा हा बटलर. वडील वरच्या खोलीत शेवटच्या घटका मोजत असताना खाली पाहुण्यांच्या पेल्यांत पोर्ट ओतत राहिलेला माणूस. १९५६च्या उन्हाळ्यात मालकाची मोटार घेऊन तो पश्चिम इंग्लंडात निघतो, पूर्वी त्याच वाड्यात काम केलेल्या मिस केन्टनला भेटायला. दोघांनी एकमेकांना मनातलं कधीच काही सांगितलेलं नाही. स्टीव्हन्स अगदी शेवटपर्यंत असाच मिटलेला राहणार, असं इशिगुरोंनी ठरवलं होतं. गाणं ऐकल्यावर त्यांनी त्याला एका वाक्यापुरतं उघडलं. पावसात बसथांब्यावर उभी असताना मिस केन्टन बोलून जाते की कधीकधी आपल्या मनात वेगळ्या आयुष्याचे, स्टीव्हन्सबरोबरच्या आयुष्याचे विचार येतात. त्या क्षणी आपलं काळीज तुटत होतं, हे स्टीव्हन्स तिला सांगत नाही, वाचकाला सांगतो. आणि लगेच अदबीनं, हसतमुखानं तिला निरोप देतो. ते एक वाक्य काढलं तरी कादंबरी उत्तमच राहील. पण मग स्टीव्हन्सचं दुःख आपण नुसतं ओळखू, ते आपल्याला लागणार नाही.

इथे गाण्यानं नेमकं काय दिलं, याचा मी फार विचार केला आहे. कथा दिली नाही, शब्द दिले नाहीत, वातावरणही दिलं नाही. अमेरिकेतला फाटका फिरस्ता आणि इस्त्रीच्या कपड्यांतला इंग्रज बटलर यांत बाहेरून काहीच सारखं नाही. दिली ती एक जागा. जो माणूस बोलत नाही तो कुठे, किती आणि कशा आवाजात बोलून जाईल, ही जागा. त्याच व्याख्यानात इशिगुरो निना सिमोन, रे चार्ल्स, एमीलू हॅरिस अशी आणखी नावं घेतात. त्यांच्या आवाजातलं काहीतरी कानाला सापडतं आणि आपल्या प्रसंगात हेच, याच्या अगदी जवळचं, यायला हवं असं त्यांना उमगतं. ज्याला तरुणपणी गाणी लिहून गिटारवर गायची होती, त्या लेखकाच्या तोंडी हे शोभतंच.

कादंबरीत रागांची नावं पेरणं आणि कादंबरीकारानं गाणं ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिलीच फार. नायिका तिन्हीसांजेला यमन आळवते, नायकाला मारव्यात हुरहुर लागते, आणि लेखक समजतो की पानात संगीत आलं. नावानं सूर लागत नाही. उलट ज्या पानावर गाण्याचा उल्लेखही नाही, तिथे संवादातल्या थांबण्यातून, प्रसंगाच्या उशिरा येण्यातून लेखकाचा कान कळतो.

अशा कानाचे लेखक पूर्वीही झाले. मार्सेल प्रूस्तनं १९११मध्ये पॅरिसची ‘थिएटरफोन’ सेवा घेतली होती. टेलिफोनच्या तारेवरून ऑपेरा घरी ऐकायला येई, आणि हा आजारी माणूस अंथरुणात पडून देब्यूसी ऐके. पुढे १९१६मध्ये त्यानं चार वादकांना रात्री घरी बोलावून सेझार फ्रांकची रचना वाजवून घेतली. त्याच्या महाकादंबरीतल्या व्हँतई या काल्पनिक संगीतकारामागे असं ऐकणं आहे. हारुकी मुराकामी लेखक होण्याआधी जॅझ वाजणारा कॅफे चालवत होता, आणि लिहिण्यातलं आपल्याला जे येतं ते बहुतेक संगीताकडून शिकलो, असं तो म्हणतो.

पण आपल्याला याहून जवळचं उदाहरण आहे अमित चौधुरी यांचं. ते मुंबईत वाढले, तिथेच पंडित गोविंदप्रसाद जयपूरवाल्यांकडे शिकले, आणि आजही ख्याल गातात. १९९३ची त्यांची ‘आफ्टरनून राग’ ऑक्सफर्डमध्ये घडते, पण मुंबईतला रियाज आणि गुरू तिच्यात सतत येतात. घडत म्हणावं असं तिच्यात फारसं काही नाही. २०२१च्या ‘फाइंडिंग द रागा’ या पुस्तकात त्यांनी आलापीविषयी लिहिलं आहे ते वाचलं की त्यांच्या कादंबऱ्या अशा का, ते कळतं. जी प्रस्तावना वाटते, तीच ख्यालात गाण्याचा गाभा होऊन बसते. मुद्दा यायचाय म्हणून आपण वाट पाहतो, आणि वाट पाहता पाहता ध्यानात येतं की मुद्दा कधीचाच सुरू झालाय.

बारा मात्रांचा विलंबित एकताल घ्या. गायक बंदिशीचा मुखडा घेऊन समेवर येतो आणि षड्जाच्या आसपास रेंगाळतो. मग मंद्रात जातो. एकेक स्वर उघडत वर येताना पुढचा स्वर नुसता दाखवतो आणि मागे फिरतो. तार षड्ज आता लागणार असं वाटत असताना तो लावत नाही, पुन्हा लावत नाही, आणि लावतो तेव्हा ऐकणाऱ्यांच्या तोंडून नकळत दाद जाते. त्या एका स्वराची किंमत आधीच्या सगळ्या न लावण्यानं ठरलेली असते. स्टीव्हन्सचं ते वाक्य म्हणजे असाच लागलेला तार षड्ज.

वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या पुस्तकात घराण्यांचा विचार स्वर आणि लय यांच्या नात्यावरून केला. किराण्यात स्वराचं पारडं जड, आग्र्यात लयीचं, जयपूरमध्ये दोन्ही तोलून. मला ही मांडणी कादंबरी वाचायलाही उपयोगी पडते. काही लेखक एका भावनेत बुडून राहतात, काही घटनांच्या वेगावर स्वार होतात. दोन्ही तोलणारे थोडे, आणि माझं मन तिकडे ओढलेलं.

म्हणूनच बहुधा माझ्या एका पात्राचा आवाज मला जयपूर घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकरांच्या गाण्यात लागला. कोल्हापुरात खानावळ चालवणारी बाई, मुलं तिला काकू म्हणत. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा परदेशात. तिचं सगळं मला ठाऊक होतं: उधारीची वही, चपात्यांचा हिशोब, पदराला बांधलेली किल्ली. पण ती तोंड उघडायची नाही, आणि उघडलंच तर रडवेली व्हायची, जे ती नव्हती. त्या दिवसांत मी मोगूबाईंची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकत होतो. अल्लादियाखाँसाहेबांची ही शिष्या. तीन मुलं पदरात असताना पतीचं छत्र गेलं, आणि त्यांना वाढवत तिनं गाणं सांभाळलं. त्या गाण्यात कुठे करुणेची मागणी नाही. बंदिशीचा शब्द लयीत जिथे पडायचा तिथेच पडतो, पेचदार तान सरळ चेहऱ्यानं समेवर येते, आणि पुढचं आवर्तन सुरू होतं. राग कोणता होता ते सांगत नाही, कारण कादंबरीत तो नाही. पण दुःख नजाकतीनं न मांडता हिशोबात बसवणारी बाई मला तिथे ऐकू आली. मुलाचं पत्र येतं, आपण आता तिकडचेच झालो असं त्यात असतं. काकू ते वाचते, घडी घालून वहीत ठेवते आणि स्वयंपाकघरात हाक देते, ‘आज पानं किती?’ त्यानंतर ती कुठे मोडणार, हे मी बरीच प्रकरणं लांबवत गेलो. धीर होत नसला की पुन्हा ते गाणं ऐकायचो.

मोगूबाईंचं कुर्डी गाव गोव्यात, सांगे तालुक्यात. साळावली धरणाच्या जलाशयात ते १९८०च्या दशकात बुडालं. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांचे चौथरे वर येतात, माणसं परत येतात, सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो. कुठल्याही कादंबरीकाराला मोह पडावा असं हे दृश्य. मी ते काकूच्या गोष्टीत आणलं नाही. ते डोळ्यांसाठी आहे, आणि मला जे हवं होतं ते कानातून आलं होतं.

लिहिताना मात्र मी गाणं लावत नाही. ठेका चालू असला की वाक्यं त्याच्या मागे धावतात, पात्राचा श्वास उरत नाही. विलंबित ख्याल तर सारं लक्ष मागतो. इशिगुरो सोफ्यावर होते, प्रूस्त अंथरुणात. ऐकण्याच्या वेळी ऐकणं, लिहिण्याच्या वेळी लिहिणं. मधल्या काळात काहीतरी मुरतं.

आता नव्यानं लिहू लागलेल्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. एखादं पात्र अडून बसलं, तर त्याची जन्मतारीख, नोकरी, आवडीनिवडी यांच्या याद्या वाढवू नका. त्याच्या स्वभावाच्या जवळचं वाटेल असं कुणाचंही गाणं निवडा, लावणी असो, अभंग असो, ख्याल असो. तुकडे ऐकू नका. तंबोऱ्यापासून भैरवीपर्यंत एखादी पूर्ण मैफल फोन बाजूला ठेवून ऐका, आणि गायक कुठे थांबला ते लक्षात ठेवा. पात्राचं पहिलं वाक्य त्यानंतर लिहा.