उसाचं बिल आणि उबुंटू

तर मंडळी, विंडोज सोडून लिनक्स का घेतलं, हा प्रश्न हल्ली ऑफिसात फार होतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पहिलं कारण कामाचं. आपण कोड लिहितो तो शेवटी चालतो लिनक्स सर्व्हरवर. विंडोजला सहसा Report आणि report या नावाच्या फायली एकच वाटतात, लिनक्सला त्या दोन वेगळ्या. विंडोज ओळ संपवताना दोन अदृश्य अक्षरं टाकतं, लिनक्स एकच. तशी स्क्रिप्ट वर गेली की सर्व्हर पहिल्याच ओळीला अडतो. २०१६ पासून विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायची सोय आहे, पण ८ जीबी रॅममध्ये दोन संसार कशाला? एकच नीट करू.

दुसरं कारण म्हणजे माझा आतेभाऊ. राहतो इंदापूर तालुक्यात, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतोय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो, याचा लॅपटॉप त्या यादीत बसत नाही. मशीन तसं ठणठणीत. नव्याचा विषय काढला की आत्याचं उत्तर ठरलेलं, "उसाचं बिल आलं की बघू."

मग एका रविवारी बारामतीहून भवानीनगरमार्गे इंदापूर गाठलं, खिशात उबुंटू २४.०४ चा पेनड्राइव्ह. आधी काहीच पुसलं नाही. पेनड्राइव्हवरूनच चालू करून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासला. फोटो बाहेर काढले, मगच इन्स्टॉल.

पठ्ठ्या कुरकुरला, "दादा, कॉलेजात सगळे विंडोजवर, मी एकटाच वेगळा पडेन."

प्रश्न खरा होता. त्याच्यासमोरच त्याचे सी, जावा, पायथॉनचे प्रोग्रॅम चालवून दाखवले. सगळे चालले. मराठीही इनस्क्रिप्टने झकास उमटतं.

अडचणी आहेतच. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायली तो फॉन्ट नसेल तर अगम्य दिसतात. टॅली लिनक्ससाठी येत नाही, म्हणून बाबांच्या दुकानातला पीसी मी विंडोजवरच ठेवलाय, फक्त तो ११ चालणारा आहे. त्याचे काही गेम गेले, ते गेलेच.

त्यामुळे "सगळ्यांनी लिनक्स घ्या" असं मी म्हणणार नाही. ज्याचं पोट टॅलीवर, त्याने विंडोजवरच राहावं. पण ज्याला प्रोग्रॅमिंग शिकायचंय आणि ज्याचं मशीन केवळ यादीत नाही म्हणून बाद ठरतंय, त्याने आधी एक पेनड्राइव्ह लावून बघावा. नवा लॅपटॉप येईल तेव्हा येईल, तोवर शिकणं अडून राहायला नको.

बाकी, टर्मिनलमध्ये आता तो माझ्यापेक्षा भरभर टाइप करतो. असो!