'ज्ञानेश्वर' आणि सहा तुकडे

'ज्ञानेश्वर' या नावात अक्षरे किती? शाळकरी मूलही चार सांगेल. पायथनला लांबी विचारली तर उत्तर येते 10. ही पायथनची चूक नाही. तो युनिकोडचे संकेतांक मोजतो, आणि तिथे काना, मात्रा, हलन्त यांची नोंद स्वतंत्र असते. पण मोबाइलच्या पडद्यात बसवण्यासाठी मथळा कापताना हाच हिशेब धरला, तर 'ज्ञा' मधोमध तुटतो आणि वाचणाऱ्यापुढे नुसता 'ज्' येतो.

म्हणून मराठी मजकुरावर काम करणारा प्रोग्रामर 'रेजेक्स' नावाच्या छोट्या मुक्तस्रोत लायब्ररीकडे वळतो. पायथनसोबत येणाऱ्या 'आरई'मध्ये अख्खे अक्षर एकसंध पकडण्याची सोय नाही, हिच्यात आहे. टर्मिनलवर 'पिप इन्स्टॉल रेजेक्स' टाइप केले की बहुधा काही सेकंदांत काम होते.

बहुधा. लायब्ररीचा गाभा सी भाषेत आहे. आपल्या मशीनसाठी आधीच बांधून ठेवलेले 'व्हील' मिळाले तर ठीक, नाही तर पिप सोर्स उतरवून कंपायलर मागतो आणि तो नसला की पडदा एररने भरतो. डेबियन 12 वर तर पिप सिस्टिमच्या पायथनला हात लावायलाच नकार देतो. हा नकार अगदी योग्य आहे, कारण सिस्टिमची स्वतःची कामे त्याच पायथनवर चालतात. प्रत्येक प्रकल्पाला वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करण्याची सोय पायथनमध्ये 2012 सालच्या 3.3 आवृत्तीपासून आहे. ती वापरावी.

खरी मेख मात्र आवृत्तीत आहे. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या युनिकोड 15.1 ने जोडाक्षर न तोडण्याचा नियम देवनागरीला लागू केला. जुन्या नियमाने चालणारी लायब्ररी 'ज्ञानेश्वर'चे सहा तुकडे करते: ज्, ञा, ने, श्, व, र. नव्या नियमाने चार होतात. लॅपटॉपवर नवी आवृत्ती आणि सर्व्हरवर जुनी असली, तर एकाच प्रोग्रामची दोन उत्तरे येतात. एरर कुठेच दिसत नाही, त्यामुळे घोळ कळतो तो थेट छापून आलेल्या मथळ्यात.

तेव्हा रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये लायब्ररीच्या नावापुढे आवृत्तीचा नेमका आकडा लिहा. इन्स्टॉल झाल्यावर पहिली चाचणी 'हॅलो'ने घेऊ नका. 'ज्ञानेश्वर', 'राष्ट्र', 'कर्तृत्व' हे शब्द द्या आणि चार, दोन, तीन अशी उत्तरे येतात का ते पाहा. आली नाहीत, तर लायब्ररी सांभाळणाऱ्यांना उदाहरणासह कळवा. मराठी शब्द त्यांच्यापर्यंत आपल्यालाच पोचवावे लागतील.