आजीचे सात सेकंद

‘एक बटण दाबायला रात्रभर प्रवास? वेडी आहेस का?’ फ्लॅटमेटचा प्रश्न अगदी रास्त होता. तरी ट्रॅव्हल्सने पुण्याहून हिंगोली आणि तिथून काळी-पिवळीने पुसेगाव गाठलं. तारीख २६ एप्रिल २०२४. ऊन असं की विचारू नका!

खरं सांगायचं तर मतदान हे निमित्त होतं. मला अण्णांशी भांडायचं होतं. फोनवर महिनाभर आमचं तेच चाललं होतं. मी म्हणायचे, मशीनच्या पोटात काय चालतं कुणाला कळतंय? बॅलट पेपरच बरा! आणि गावात राहणारे आमचे रिटायर्ड मास्तर मशीनच्या बाजूने. आहे की नाही उलटी गंमत?

अण्णांनी १९९६च्या लोकसभेला इलेक्शन ड्युटी केलीय. पत्र्याच्या पेट्या, शिक्के, लाखेची सीलं. ‘मशीन मिनिटाला चारच मतं घेतं. कागदावर गठ्ठ्याने शिक्के मारून पेटीत कोंबले तर कोण अडवणार?’ मुद्दा बिनतोड.

पण त्यांचं खरं कारण आजी आहे. २००४च्या लोकसभेला देशभर मशीन आलं, तेव्हा आजी बूथमधून तणतणत बाहेर आली. ‘एकालाच देता येतंय की यात!’ म्हणजे? तर तोवर बाईसाहेब दोन चिन्हांवर शिक्का मारायच्या. ‘दोघं बी आपलेच. नाराज कोणाला करावं?’ दोन शिक्के म्हणजे मत बाद. किती निवडणुका तिचं मत वाया गेलं देव जाणे, आणि घरात मास्तर असून कुणाला पत्ता नाही! अण्णांना ते अजून लागतं.

यंदा हिंगोलीत ३३ उमेदवार. एका युनिटवर १६ नावं. ‘नोटा’ धरून ३४, म्हणजे तीन युनिटं शेजारी शेजारी. आजीने हवं ते बटण शोधलं, दाबलं, बीप वाजला. मत दिलेलं चिन्ह व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठीवर सात सेकंद दिसतं, मग चिठ्ठी खाली पडते.

‘दिसली का चिठ्ठी?’ मी बाहेर विचारलं.

‘चष्मा पिशवीतून काढेपर्यंत लाईट गेली की माय!’

लिंबाच्या सावलीत फोन उघडला तर त्याच दिवशीची बातमी. सगळ्या चिठ्ठ्या मोजा, नाहीतर बॅलट पेपर आणा, या मागण्या सुप्रीम कोर्टाने फेटाळल्या होत्या. दर विधानसभा क्षेत्रातल्या पाच बूथच्या चिठ्ठ्या मोजतात, तेवढंच राहणार.

‘बघ!’ अण्णा म्हणाले.

मी लगेच जर्मनी काढलं. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००९मध्ये म्हटलंय की मतमोजणी साध्या माणसालाही, तज्ज्ञ न होता, तपासता आली पाहिजे.

‘तिथं आपली आई मतदानाला नव्हती,’ अण्णा म्हणाले.

हसले मी. मशीन चोर आहे असं मला वाटत नाही, आणि आजीचं मत बाद होण्यापेक्षा बटण बरं, हेही मान्य. पण मतदाराची खात्री पटावी म्हणून लावलेली काच आजीला दिसण्याआधीच विझते, त्याचं काय? यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं. ते चहा सांगायला उठले.

२० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान झालं. आजी चष्मा घरूनच लावून गेली. चिन्ह दिसलं म्हणे, ठळक. अण्णांनी फोनवर सांगितलं. मी? मी पुण्यातच होते. डेडलाइन होती.