डबा ठेवाल, पण सांभाळणार कोण?

“आत्या, घट्ट झाकणाचे डबे आहेत का गं तुझ्याकडे?”

भाचीनं असं विचारलं तेव्हा मला वाटलं, प्रवासासाठी चिवडा-शंकरपाळे भरायचे असतील. मुलगी अमेरिकेत वाढलेली, पण घरच्या फराळावर जीव! जूनचा पहिला आठवडा होता. ठाण्याहून गाडीनं भंडारदरा, अकोले, संगमनेर, वेरूळ करत थेट नागपूर गाठायचं ठरलं होतं. मी कौतुकानं दोन डबे काढले, तर म्हणते कशी, “खायला नाही गं, लपवायला. आणि दोन नाही, सात हवेत!”

मैत्रिणींनो, हा एक खेळ आहे. त्याला ‘जिओकॅशिंग’ म्हणतात. डब्यात एक वही आणि चारदोन किरकोळ वस्तू घालून तो कुठंतरी दडवायचा आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. खेळणारे मोबाइलवर दिशा बघत येतात, डबा शोधतात, वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तसा परत ठेवतात. आतली वस्तू घेतली, तर तोलामोलाची दुसरी ठेवायची.

खेळ तसा जुनाच म्हणायचा. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर एका वाटाड्यानं १८५४ साली एक बाटली ठेवली होती. तिथवर पायपीट करणारे आपलं नावाचं कार्ड त्यात टाकून येत. उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या यंत्रात सर्वसामान्यांसाठी मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकी सरकारनं मे २००० मध्ये काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी पहिली बादली रानात ठेवली. त्या बादलीत पुस्तकं होती, पैसे होते आणि चक्क घेवड्याचा डबाही होता. पुढं खाण्याच्या वस्तू ठेवायला खेळात बंदी झाली. हे लक्षात ठेवा बरं का, माझी फजिती पुढं यायची आहे.

कसारा घाट चढून घोटीवरून आत वळलो. बारी गावातून कळसूबाई दिसली. १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर! भाचीला पहिला डबा तिथंच ठेवायचा होता. पण हा सारा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय तिथं काही ठेवणं बरं नव्हे. शिवाय वर देवीचं देऊळ. पहिला डबा गाडीतच राहिला.

पुढं शेंडी गाव आणि भंडारदऱ्याचं धरण. प्रवरेवरचं हे दगडी बांधकाम १९२६ साली पुरं झालं. जलाशयाच्या कडेकडेनं रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराच्या देवळाचं कोरीव काम बघताना माणूस बोलायचं विसरतो. भाची मात्र दोन दगडांमधली फट न्याहाळत होती! “अगं, शेकडो वर्षांपूर्वीचा दगड तो! उद्या दहाजण डबा शोधायला येऊन उचकटत बसतील,” मी म्हटलं. बिचारी ओशाळली.

त्या रात्री आम्ही शेंडीजवळ एका घरी उतरलो होतो. पावसाच्या तोंडावर इथल्या झाडांवर काजवे चमकतात. ते बघून परतल्यावर भाचीनं खेळाचे नियम नीट वाचायला घेतले. आजवर तिनं डबे शोधले होते, स्वतः ठेवला कधीच नव्हता. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. डबा ठेवणाऱ्यानं तो वरचेवर जाऊन बघायचा, भिजलेली वही बदलायची, फुटलेला डबा काढून न्यायचा. प्रवासात जाता जाता ठेवलेला डबा मान्यच होत नाही. त्या गावचं कुणी सांभाळणारं असेल तरच!

“म्हणजे सातही डबे परत न्यायचे?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढल्या आठवड्यात ती परत जायची होती, पुन्हा कधी येईल कोण जाणे. इथं आपलं काहीतरी राहावं, एवढंच तिला हवं होतं.

घरधनीणबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या. म्हणाल्या, “ताई, आमच्या कुंपणात ठिवा की. मी बघंन. पर पोरींनो, इचारून ठिवताय हे बरं केलं.”

अंगणाच्या दगडी कुंपणात एक डबा बसवला. आत वही, पेन, भाचीच्या हातची मण्यांची माळ. दमट हवा म्हणून मी मिठाच्या बरणीत घालतो तशी तांदळाची पुरचुंडीही टाकली. बाकीचे सहा डबे नागपूरपर्यंत फिरून घरी आले.

दिवाळीनंतर मी मुद्दाम शेंडीला गेले. कुंपणात डबा नाही! पोटात धस्स झालं. बाई हसत आत गेल्या आणि फडताळातून वही घेऊन आल्या. माझ्या तांदळाच्या वासानं उंदरांनी झाकण कुरतडलं होतं, पावसाचं पाणी आत शिरून पेनाची शाई फुटली होती. बाईंनी एकेक पान उलगडून वही चुलीपाशी वाळवली, माळ पुसून ठेवली. “तांदूळ कशाला घातलं ताई? आमी बियाण्याला राख लावतो. उंदीर काय, किडा बी फिरकत न्हाई.”

त्यांचं खरंच आहे. याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं जपून बँक उभी केली. २०२० च्या पद्मश्री मानकऱ्यांत त्यांचं नाव होतं. बी नुसतं दडवून ठेवलं तर मरतं. ते दर हंगामाला पेरावं, निवडावं, वाळवावं, दुसऱ्याला द्यावं लागतं. डब्याचंही तसंच. ठेवायला पाच मिनिटं पुरतात. पुढं वर्षानुवर्षं बघावं लागतं, आणि ते त्या गावचंच माणूस करू जाणे.

तुमच्या मुलांना हा खेळ खेळायचा असेल तर थोडं सांगते. डबा फिरकीच्या झाकणाचा, रबरी कडीचा घ्या. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पेनाऐवजी पेन्सिल ठेवा. दमटपणासाठी औषधांच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी पुरते. खाण्याची कुठलीही वस्तू नको, तांदूळसुद्धा नको! जमीन खणू नका, देवळाला-गडाला हात लावू नका, जागेच्या मालकाला आधी विचारा. जवळ सांभाळणारं कुणी नसेल तर डबा घरी आणा.

आमच्या नव्या डब्याच्या वहीत पहिलं नाव बाईंच्या शाळकरी नातीनं लिहिलं. त्याचा फोटो भाचीला पाठवला. तिचा उलट निरोप आला, “आत्या, पुढच्या पावसाळ्यानंतर तू परत जाशील ना गं बघायला?”

जाईन म्हटलं. नाहीतरी बाईंनी गावठी वालाचं बी द्यायचं कबूल केलंय.