चेहऱ्याचा साचा

थर्मोप्लास्टिकची जाळीदार शीट साधारण ७० अंश तापलेल्या पाण्यात टाकली की मऊ पडते. ती निथळून मुलाच्या चेहऱ्यावर ओढायची, नाकाचा दांडा, हनुवटी, कपाळ बोटांनी बसवायचं आणि शीट घट्ट होईपर्यंत हात हलू द्यायचा नाही. रेडिएशन विभागातलं माझं काम हे. मशीन कितीही अचूक असो, साचा सैल बसला तर किरण चुकतात.

असा साचा लागणारा एक आजार म्हणजे मेड्युलोब्लास्टोमा, मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा मेंदूचा कॅन्सर. तो लहान मेंदूत वाढतो आणि मेंदूभोवतीच्या पाण्यातून मणक्यापर्यंत उतरतो. म्हणून गाठ काढल्यावरही पूर्ण डोकं आणि पाठीचा कणा शेकावा लागतो. धोका सरासरी असेल तर १३ दिवसांत २३.४ ग्रे इतका किरणांचा डोस, मग गाठीच्या जागी वाढवत एकूण ५४. सारे मिळून ३० दिवस. तीन वर्षांखालच्या बाळांना किरण शक्यतो टाळतात, कारण वाढता मेंदू त्याची किंमत पुढे शाळेत आणि उंचीत मोजतो. खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन किरण आले आहेत. त्यांच्यामुळे आजूबाजूचे अवयव बरेच वाचतात.

आमच्या केंदूरचा सात वर्षांचा मुलगा हाच आजार घेऊन आला तेव्हा शीटकडे बघून म्हणाला, "काका, भाजंल का?" आधी एक तुकडा माझ्या गालावर ठेवला, मग त्याच्या तळहातावर. भूल देता आली असती, पण रोजची भूल म्हणजे रोज उपाशीपोटी येणं. त्याचे वडील टाळकरी. केंदूर संत कान्होराज महाराज पाठकांचं गाव, घरात हरिपाठ रोजचा. वडील बाहेरच्या माइकवरून हरिपाठ म्हणायचे आणि आत पोरगं साच्यात निपचित पडून राहायचं. असा विश्वास कुठल्याच मशीनला निर्माण करता येत नाही.

त्याच्या आजीला कळलं की व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरवरचं औषध सदाफुलीपासून मिळतं. दारातल्या पानांचा रस द्यावा का, असं तिनं विचारलं. देऊ नका आजी, असं मी हात जोडून सांगितलं. हे औषध मोजून फक्त शिरेतूनच देतात; रसातलं विष कोणी मोजलेलं नसतं.

आमच्याकडे येण्याआधी गावाकडे महिनाभर या मुलावर पित्ताचे उपचार झाले होते. आईबापांनो, मूल सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतंय म्हणत असेल, उलटी करून त्याला बरं वाटत असेल आणि चालताना तोल जात असेल, तर दृष्ट काढत बसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या आणि मेंदूच्या एमआरआयबद्दल त्याच दिवशी विचारा.