दादरच्या वड्याची परीक्षा

गेल्या नाताळच्या सुटीत आमचा नातू न्यू जर्सीहून तीन आठवड्यांकरिता डोंबिवलीस आला होता. वय वर्षे बारा. मराठी त्याला समजते पुष्कळ, बोलता येते थोडे. पण जे बोलतो ते निर्भयपणे बोलतो. एके दिवशी दुपारच्या चहाच्या वेळी सौ.ने कोपऱ्यावरून वडापाव आणविला. चिरंजीवांनी तो हातात घेऊन उलटसुलट निरखला आणि निर्णय दिला, "आजोबा, हा तर इंडियन बर्गर!"

ज्याने उभी हयात मुलांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाई फिरविण्यात घालविली, त्याला असले विधान निमूटपणे गिळता येत नाही. आम्ही त्यास सांगितले, की बर्गर हा शब्द जर्मनीतील हॅम्बर्ग नगराच्या नावावरून आला. मूळ पदार्थ मांसाच्या खिम्याचा. त्याचे मोठेपण अमेरिकेत झाले. ज्या अमेरिकन कंपनीने तो जगभर पोहोचविला, तिने १९९६ साली दिल्लीस व मुंबईस दुकाने उघडली, तेव्हा इकडील लोकांकरिता गोमांस वर्ज्य करावे लागले आणि पुढे पावात चक्क बटाट्याची टिकिया घालावी लागली. "तेव्हा बाळ, वडापाव बर्गर झाला नाही, बर्गरलाच इथे येऊन वडापाव व्हावे लागले!" युक्तिवाद बिनतोड होता, पण मुलाने लगेच विचारले, "मग सगळ्यांत चांगला वडापाव कुठे मिळतो?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही क्षणाचाही विलंब न लावता दिले: दादरला. आणि दुसऱ्याच बुधवारी आम्ही दोघे जलद गाडीने निघालो. सौ.ने पाण्याची बाटली व ओव्याची पुडी बरोबर दिली. आम्ही वहीच्या पानावर गुणपत्रक आखून घेतले: वडा ४०, चटणी २५, पाव २०, स्वच्छता १५, एकूण १००. परीक्षक दोन: एक निवृत्त, एक परदेशस्थ.

ज्या वाचकांनी दादर केवळ गाडी बदलताना पाहिले आहे, त्यांस तेथे गर्दीवाचून दुसरे काही दिसत नाही. वस्तुतः हे उपनगर मोठ्या विचाराने वसविलेले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. दाट वस्तीतील माणसे उजेडावाचून आणि हवेवाचून मरतात, हे तेव्हा सरकारच्या ध्यानी आले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या योजनांतून दादर, माटुंगा, शीव या भागांतील शेतांच्या व वाड्यांच्या जागी रुंद रस्ते, नीटस इमारती व मोकळी मैदाने झाली. शिवाजी पार्कचे विस्तीर्ण मैदान १९२५ साली खुले झाले. मध्यम वर्गाने येथे बिऱ्हाडे थाटली. पण दक्षिणेस हाकेच्या अंतरावर परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते. एकीकडे पांढरपेशा, दुसरीकडे कामगार, आणि दोघांनाही पोटात घेणारे एकच स्टेशन. वडापाव जन्मावयास याहून योग्य स्थळ कोणते?

हा जन्म १९६६ च्या सुमारास झाला असे मानतात आणि त्याचे श्रेय दादर स्टेशनाबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांस देतात. बटाटेवडा होताच, शेजारी पावही होता. त्यांनी दोहोंची गाठ घालून दिली. कल्पना लहान, परंतु तिचा उपयोग पाहा. वडा नुसता खावयाचा तर बशी हवी, चटणीस वाटी हवी, बसावयास बाक हवे. पावात घातला, की एका हातात जेवण आणि दुसऱ्या हातात डब्याचा दांडा! पाळी गाठणाऱ्या कामगारास याहून अधिक काय हवे होते?

गाडीत आम्ही नातवास या पदार्थाची कुळकथाही सांगितली. वडा म्हणजे संस्कृतातील 'वटक'. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथातील अन्नवर्णनात वटक आहेत. पण बटाटेवडा त्या राजाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. बटाटा आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडाची लेकरे; ती आपल्याकडे आली पोर्तुगीजांच्या मागोमाग. 'बटाटा' आणि 'पाव' हे दोन्ही शब्दही त्यांचेच. आपले काय? हरभऱ्याचे पीठ, हळद, हिंग, लसूण आणि त्या सर्वांना एकत्र नांदविण्याची हातोटी. "म्हणजे बटाटा माझ्यासारखा अमेरिकेतून आला," नातू म्हणाला. आम्ही त्यास शाबासकी दिली.

एक गोष्ट मात्र त्यास खरी वाटेना. आमच्या आजोबांच्या घरात पाव येत नसे. आज हसू येईल, परंतु १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्यास जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून पाव खावा लागे. आणि १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनातील चहापानाने एवढे वादळ उठविले, की टिळक व रानडे यांच्यासारख्यांपुढेही प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. "पण पावाने काय होते?" नातवाने विचारले. "पावाने काही होत नाही," आम्ही म्हणालो, "तो कोणाच्या हातचा, यावर सारा गोंधळ." हे वाक्य आम्ही सहज बोलून गेलो. ते त्याच दिवशी आमच्याच अंगावर उलटणार होते.

पहिला मुक्काम छबिलदास गल्लीत, श्रीकृष्णच्या वड्याकडे. याच गल्लीतील शाळेच्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक नाटकांची चळवळ बहरली आणि नाटकवाल्यांच्या आठवणींत या वड्याचा वास अद्याप दरवळतो. वडा चांगला मोठा, गोल, आणि आतील भाजी लगदा न झालेली. बटाट्याचे तुकडे जिभेस लागतात. आच्छादन पातळ. नातवाने जीभ भाजून घेतली आणि तरीही थांबला नाही. वड्यास त्याने ४० पैकी ३७ दिले. आम्ही ३६ दिले, कारण पैकीच्या पैकीजवळ जाणे आमच्या हाताला ठाऊक नाही.

तेथून पायी निघून, गोखले मार्ग ओलांडून, समुद्राच्या अंगाने कीर्ती महाविद्यालयाकडे गेलो. हे महाविद्यालय १९५४ चे. त्याच्या दारचा वडापाव विद्यार्थ्यांनी नावारूपास आणला. येथील विशेष म्हणजे 'चुरा'. वडे तळताना पिठाचे जे थेंब कढईत सुटून कुरकुरीत होतात, ते फेकून न देता पावात भरतात. मऊ पाव, मऊ भाजी आणि मध्ये हा कुरकुराट! टाकाऊतून एवढे सुख निर्माण करणाऱ्यास आम्ही मनोमन नमस्कार केला. नातवाने चुऱ्याकरिता गुणपत्रकात नवा रकाना आखला. नियमबाह्य असूनही आम्ही तो मान्य केला.

परतीच्या वाटेवर नातू म्हणाला, "आता तिसरा. तुम्ही तीन म्हणाला होता." आम्ही तीन म्हटले होते हे खरे. परंतु तिसऱ्या गाडीकडे आमचे पाय वळत नव्हते. ती एका शाळेमागच्या गल्लीच्या तोंडाशी आहे आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ आम्ही त्या गल्लीला वळसा घालून जात आलो आहोत.

कारण सांगतो. १९८१ साली आम्ही त्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. पुढच्या जानेवारीच्या १८ तारखेस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील बहुतेकांचे काम पुन्हा कधी उभे राहिले नाही. कित्येकांनी रस्त्यावर गाड्या लावल्या. आमच्या सातवीच्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांनीही वडापावची गाडी लावली. मुलगा पहाटे बटाटे सोली, मिरच्या वाटी आणि तसाच शाळेत येई. पावसाळ्याचे दिवस, खिडक्या बंद. एके दिवशी आम्ही नाकाला उपरणे लावून भर वर्गात म्हणालो, "ज्याच्या कपड्यांना तेलाचा वास येतो, त्याने बाहेर उभे राहावे." वर्ग हसला. मुलगा उठून बाहेर गेला. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आला नाही. आम्ही पटावरून त्याचे नाव कमी केले आणि चौकशी केली नाही.

पाव कोणाच्या हातचा म्हणून आमचे आजोबा तो नाकारीत. त्यांच्यापाशी निदान त्यांचे शास्त्र होते. आमच्यापाशी काय होते?

नातवाने हात धरून ओढले, म्हणून गेलो. गाडीवर पंचावन्नच्या घरातला गृहस्थ वडे सोडीत होता. त्याने मान वर करून पाहिले आणि ओळखले. "सर! या." मग लगेच, "जरा थांबा हं सर, घाणा उतरवतो. गिऱ्हाईक उभे आहे."

आम्ही थांबलो. पंधरा मिनिटे ओळीत उभे राहिलो, आणि ते योग्यच होते. उभ्या उभ्या त्याची कृती पाहिली. बटाटे उकडून, थाळ्यात पसरून पार गार केलेले. गरम कुस्करले तर चिकट होतात, असे तो नातवास समजावीत होता. पिठात कडकडीत तेलाचे मोहन. चटणी लसूण, सुके खोबरे व लाल मिरचीची, अगदी कोरडी. ओली चटणी पावाला भिजवते. तेल काळे पडलेले नव्हते. फडके स्वच्छ होते.

नातवाने पावाचा शेवटचा घास संपविला आणि गाडीमागच्या खिळ्याकडे बोट केले. तेथे इस्त्री केलेला पांढरा सदरा प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला होता. "हा कोणाचा?"

"माझाच," तो झारा न थांबविता म्हणाला. "घरी जाताना घालतो. लहानपणापासूनची सवय आहे. धंद्याचा कपडा वेगळा, माणसांत जायचा वेगळा."

आम्ही त्यास म्हणालो, "त्या दिवशी आमचे चुकले." एवढेच जमले. पाठ केलेली सारी सुभाषिते त्या वेळी कुठे गेली कोण जाणे.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. एक वडा उलटला, दुसरा उलटला. मग म्हणाला, "आठवते मला, सर. पण शाळा त्याने सुटली नाही. घरातच काही उरले नव्हते. आणि अडीचकी तुम्हीच पाठ करून घेतली होती. अजून हिशेब तोंडीच करतो." हे आमची समजूत घालण्यासाठी होते की खरेच होते, ते आम्ही विचारले नाही. पैसे पुढे केले, तेव्हा त्याने नको म्हटले नाही. मोजून घेतले आणि सुटे परत दिले. तेवढ्याने आम्हांस फार बरे वाटले.

गाडीत बसल्यावर निकाल लागला. वड्यात छबिलदास गल्ली पहिली. चुऱ्याच्या रकान्यात कीर्ती महाविद्यालयास प्रतिस्पर्धीच नाही. चटणीत आमच्या विद्यार्थ्यास २५ पैकी २४. एकूण बेरजेत तो तीन गुणांनी दुसरा आला. त्याच्या पत्रिकेवरचे गुण नातवानेच भरले. आम्ही परीक्षक म्हणून अपात्र ठरलो होतो. स्वच्छतेच्या रकान्यात मात्र त्याने १५ पैकी १५ लिहिले होते. आम्ही विचारले, "पैकीच्या पैकी?" तो म्हणाला, "आजोबा, शर्ट बघितला ना तुम्ही?"

वाचकांपैकी कोणास ही परीक्षा स्वतः घ्यावयाची असल्यास तीन सूचना: घरून पोट भरून निघू नये, वडा कढईतून निघाल्यावर वाट पाहू नये, आणि आपला क्रम येईपर्यंत ओळ सोडू नये. पहिल्या दोन जागा वर सांगितल्याच आहेत. तिसरीचा पत्ता आम्ही देत नाही. तेथे गिऱ्हाइकांची वाण नाही. आता आम्ही त्या गल्लीला वळसा घालीत नाही. महिन्यातून एकदा जातो आणि ओळीत उभे राहतो. घरी आल्यावर सौ. म्हणते, कपड्यांना तळणीचा वास येतो. येतो खरा.