नजर कुठं ठेवायची

कोल्हापुरात एकटं राहणं अवघड, असं सगळेच म्हणतात. गल्लीला तालीम आहे, मंडळ आहे, मंडळाचा कट्टा आहे आणि कट्ट्यावर "काय भावा, जेवलास काय?" असं विचारणारं कुणीतरी रात्री उशिरापर्यंत बसलेलं असतं. "जेवलो की," म्हणून पुढं सरकणारी माणसं मी बरीच वर्षं बघतो आहे. त्यातली काही जेवलेली नसतात. शहरातल्या एकटेपणावर छायाचित्रांची मालिका करायचं मनात आलं ते या माणसांमुळं.

ही चित्रं चोरून काढायची नाहीत, हे पहिल्यापासून पक्कं होतं. मध्यवर्ती बसस्थानकाच्या फलाटावर रात्री बसलेला माणूस लांब लेन्सनं टिपणं सोपं आहे. फोटो चांगला येतो, बघणारे हळहळतात. पण त्या माणसाला कुणी काही विचारलेलं नसतं. ज्याच्याशेजारी कुणी बसत नाही, त्याचा चेहराही आपण न विचारता घेऊन जातो. शिवाय तो एकाकी असेलच कशावरून? सांगलीची गाडी चुकली असेल. म्हणून जे दिसलं ते मनात ठेवायचं आणि नंतर नटांना घेऊन, सगळ्यांच्या संमतीनं, त्याच जागी पुन्हा मांडायचं असं ठरवलं. कॅनडातला छायाचित्रकार जेफ वॉल हेच करत आला. व्हँकुव्हरच्या रस्त्यावर पाहिलेला वंशद्वेषाचा एक हावभाव त्यानं १९८२ मध्ये नटांकडून करून घेतला. तेच त्याचं 'मिमिक'. आपल्याकडं पुष्पमाला एन. यांनी नव्वदच्या दशकात मुंबईच्या रात्रीत स्वतःच मुखवटा लावून उभं राहून 'फँटम लेडी' ही छायाचित्रमालिका रचली.

पण मांडलेल्या चित्राचा वारसा शोधायला मला गावाबाहेर जायची गरजच नाही. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा इथंच स्वतः घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीकामगार होतो. शहरात हरवलेल्या माणसाचं चित्र शंभर वर्षांपूर्वी याच गावानं मांडून दाखवलं होतं. त्या शेतकऱ्याचं काम तरुण व्ही. शांतारामांनी केलं. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडियांना पुढं या चित्रपटातली अंधुक उजेडातली उदास झोपडी आणि रडणारा कुत्रा आठवत राहिला. चित्रपट मूक होता, तरी त्यांच्या आठवणीत कुत्र्याचा आवाज होता. मांडणी एवढं करू शकते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

तरीही काय मांडायचं, हा प्रश्न उरलाच. पापाच्या तिकटीवर एकाला स्तब्ध उभं करायचं, शटर दोन सेकंद उघडं ठेवायचं आणि भोवतीची गर्दी धुरासारखी वाहू द्यायची, ही युक्ती जगभर चालते. मला ती इथं पटली नाही. कोल्हापुरात गर्दी धूसर नसते. तिला तोंडं असतात, आडनावं असतात, आणि निम्म्यांना तुमचा थोरला भाऊ माहीत असतो. खासबागेचाही मोह झाला. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं हे कुस्तीचं मैदान बशीसारखं उतरतं, कुठूनही हौदा दिसतो. तिथल्या रिकाम्या पायऱ्यांवर एक माणूस बसवला की चित्र तयार. पण ती उदासी मैदानाची झाली, माणसाची नव्हे. जागा रिकामी करून एकटेपणा दाखवणं मला पळवाट वाटते. चित्रकार एडवर्ड हॉपरच्या 'नाइटहॉक्स'मध्ये (१९४२) तर रात्रीच्या खाणावळीत चार माणसं आहेत, दोघं अगदी शेजारी. पण कुणाचीच नजर कुणाला भेटत नाही, आणि त्या खाणावळीत शिरायचं दारही चित्रात दिसत नाही.

तेव्हा गर्दी ठेवायची, प्रत्येक चेहरा स्पष्ट ठेवायचा आणि फक्त नजरा ठरवायच्या. त्यासाठी गंगावेशीतला दूध कट्टा निवडला. म्हशी उभ्या, धार थेट ग्लासात, घोळक्यानं आलेली माणसं, फेसाच्या मिशा, हसणं. अशा जागी एकटा आलेला मुलगा हवा होता. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात लागलेला असेल, नाहीतर स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहिलेला. तो कॅमेऱ्याकडं बघायला लागला की तक्रार करतोय असं वाटायचं. खाली बघितलं की सिनेमातलं दुःख व्हायचं. नटाला शेवटी सांगितलं, "शेजारच्या घोळक्यातला विनोद तुला ऐकू आलाय. थोडं हसू तोंडावर आण. त्यातल्या कुणी बघितलंच, तर ते तयार असू दे."

एक गवळी बाजूला उभा राहून हे सगळं बघत होता. म्हणाला, "पोरगं हसतंय की! एकटं कुठलं?" थोडा वेळ गेला आणि तोच पुढं म्हणाला, "असं एक रोज येतंय बघा. दूध संपलं तरी ग्लास धरून उभारतंय." आम्ही नटाच्या हातातला भरलेला ग्लास काढून घेतला, रिकामा दिला. तळाशी फेस तेवढा. ग्लास परत दिला की तिथं उभं राहायला कारण उरत नाही, हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नसतं.

माझे नट हौशी रंगभूमीवरचे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा ही मंडळी रस्त्यावर उभी राहून रडली होती. शाहू महाराजांच्या काळातलं ते पॅलेस थिएटर त्यांचं भेटायचं ठिकाण होतं. तालीम नसली तरी तिथं चक्कर व्हायची. ती मोडल्यावर त्यांच्यातल्या काहींचं एकमेकांना दिसणंच बंद झालं. गर्दीत कसं उभं राहायचं, हे मला त्यांना फारसं समजवावं लागलं नाही.

प्रदर्शनात प्रत्येक चित्राखाली 'हे चित्र मांडलेलं आहे' असं मी लिहिणार आहे. एका मित्राला हे मान्य नाही. तो म्हणतो, कळल्यावर परिणाम ओसरतो. मी त्याला बाबूराव पेंटरांच्याच 'सैरंध्री' चित्रपटाचा दाखला देतो. १९२० मध्ये भीमानं केलेला कीचकवध पडद्यावर बघणाऱ्या प्रत्येकाला ते नट आहेत हे ठाऊक होतं. तरी ते दृश्य इतकं अंगावर आलं की शेवटी काढून टाकावं लागलं. मित्र अजून ऐकत नाही. पाटी मात्र लागेलच. तिच्यावर नटांची नावं असतील, दिवे धरणाऱ्यांची असतील, आणि गवळ्याचंही असेल. त्याला विचारलंय, तो हो म्हणालाय. त्याच्या नावापुढं लिहायचं आहे: रिकामा ग्लास यांनी सुचवला.